पुस्तक रद्दीत गेलं तर?

जुनी पुस्तकं मी एसटी स्टँडवर, दवाखान्यात, सलूनमध्ये अनोळखी माणसांसाठी ठेवून येते, हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आणि कुणी ते रद्दीत घातलं तर?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, ती रद्दीतूनच आलेली असतात. आमच्या रद्दीवाल्याकडे बसून मी गठ्ठे उपसते. कुणाच्या तरी आजोबांच्या कपाटातले कथासंग्रह, नाटकं, प्रवासवर्णनं तिथे किलोच्या भावानं पडलेली असतात. पुढे त्यांचा लगदाच व्हायचा. त्याआधी एक वाचक गाठून देता आला, तर मला तेवढं पुरे.

खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे पुस्तक कुणी उचलतच नाही. ‘अहो मॅडम, पुस्तक राहिलं तुमचं!’ म्हणत लोक मागे धावत येतात. त्यांच्या या प्रामाणिकपणावर माझा फार जीव आहे. नाहीतर लांबूनच बघत राहतात. ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे इतकी वर्षं कानावर पडल्यावर हात लावणार तरी कोण? म्हणून पिशवीत घालून किंवा कागदात गुंडाळून मी कधीच ठेवत नाही. मुखपृष्ठ वर, आणि त्यावर ठळक अक्षरांत चिठ्ठी: ‘हे विसरलेलं नाही, तुमच्यासाठीच आहे. आवडलं तर ठेवून घ्या, नाहीतर पुढे कुणाला द्या.’ रेल्वे स्टेशन मी टाळते. दवाखान्यात, सलूनमध्ये आधी विचारून घेते.

अमेरिकेत रॉन हॉर्नबेकर यांनी २००१ मध्ये ‘बुकक्रॉसिंग’ हा अशीच पुस्तकं ठेवून यायचा उपक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक पुस्तकाला क्रमांक असतो. ज्याला ते सापडेल तो संकेतस्थळावर नोंद करतो आणि पुस्तक कुठवर पोचलं ते कळतं. कल्पना सुरेख आहे, तरी मी क्रमांक घालत नाही. नोंद करा म्हटलं, की गाडीची वाट बघणाऱ्या बाईला ते वाचनालयाचं वाटतं आणि ती जागच्या जागी ठेवून देते.

सगळ्यात पटकन जातात ते दिवाळी अंक. दिवाळी उलटली की रद्दीत त्यांचे ढीग लागतात. गाडी येईपर्यंत एक कथा वाचून होते, आणि अर्धी राहिली तर अंक हातातून सुटत नाही. पावसाळ्यात मात्र पक्कं छप्पर असेल तिथेच ठेवावं. ओल धरलेलं पुस्तक कुणी घरी नेत नाही.

ती परत येतात का, असंही विचारतात. नाही येत. कुणाच्या तरी घरी ती कायमची राहिली असतील, तर मला आनंदच आहे.