टूलांगीतला ऑगस्ट

मेलबर्नच्या ईशान्येला टूलांगीचं जंगल आहे. ऑगस्टमध्ये, तिथल्या हिवाळ्यात, पहाटे सापळे तपासायला निघालं की हातमोज्यातली बोटंही आखडतात. सापळे म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या घडीच्या पेट्या. आत ओट्स, पीनट बटर आणि मधाची गोळी, शिवाय उबेला कापूस. रात्रभर कोंडलेला एवढासा जीव गारठू नये म्हणून उजाडताच फेरी सुरू करावी लागते. आई फोनवर विचारते, "उंदीर धरायलाच गेलास का रे एवढ्या लांब?"

उंदीर नव्हे, अजाइल अँटेकायनस. चिचुंद्रीसारखं टोकदार नाक, चुरगळलेले कान, आणि वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांऐवजी बारीक दातांच्या चार जोड्या. कांगारूच्या लांबच्या भाऊबंदांपैकी, पण खाणं कोळी, भुंगेरे, झुरळं. मादी साधारण वीस ग्रॅमची, नर थोडा जड.

त्या दिवशी पडलेल्या एका ओंडक्याजवळच्या सापळ्यात नर होता. कापडी पिशवीत घेऊन वजन केलं, तर मागच्या फेरीपेक्षा बरंच घटलेलं. पाठीचे केस झडलेले, एक कान फाटलेला, मानेवर गोचिड्या. एरवी हे प्राणी पिशवीतून बोटाला कडकडून चावतात, हा गप्प होता. माझ्या वरिष्ठ सहकाऱ्याने पाहिलं आणि म्हणाला, "याचे दिवस भरले. दुखणं नाही हे, हंगाम आहे."

मला वाटलं होतं की सोडल्यावर तो ओंडक्याखाली शिरेल. तो लटपटत निघाला थेट पुढच्या सापळ्याकडे आणि पेटीच्या दाराशी हुंगत बसला. आत मादी होती. त्याला उचलून बाजूला ठेवला, तर परत आला. मग मादीची मोजमापं उरकून तिला आधी सोडलं. ती क्षणात गायब, आणि हा उघड्या दिवसाउजेडी तिथेच घुटमळत राहिला.

या जातीचे सगळे नर वर्षाचे व्हायच्या आत मरतात. दोन-तीन आठवड्यांचा एकच हंगाम, एकेक मीलन कित्येक तासांचं. हंगाम सुरू होण्याआधीच वृषणांत नवे शुक्राणू बनणं थांबलेलं असतं. साठा असेल तेवढाच. टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक वाढतं, त्यामुळे कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाला रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन कमी होतं आणि मोकळं कॉर्टिसॉल वाढत जातं. सुरुवातीला ते फायद्याचंच असतं. स्नायू मोडून साखर मिळते, खाण्यात वेळ घालवावा लागत नाही. पुढे प्रतिकारशक्ती ढासळते, जठरात व्रण होऊन रक्त जातं, परजीवी माजतात. हंगामाआधी खच्ची केलेले नर मात्र जगतात.

बातम्यांत याचे मथळे चावट असतात, जणू नर हौसेपायी जीव देतात. मला ते पटत नाहीत, कारण घड्याळ मादीच्या हातात आहे. पिल्लं दूध सोडतील तेव्हा जंगलात किडे भरपूर हवेत, म्हणून सगळ्या माद्या एकाच सुमाराला माजावर येतात. त्या अनेक नरांशी जुगतात आणि शुक्राणू काही दिवस शरीरात साठवतात. एका वेतात तीन-चार बापांची पिल्लंही असू शकतात. अशा शर्यतीत ताकद राखून ठेवणाऱ्या नराचा वंश मागे पडतो. जीवशास्त्रज्ञ डायना फिशर आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हेच मांडलं. नर मेले की माद्यांना अन्नाचे वाटेकरी कमी होतात, हे खरं. पण त्यासाठी ते मरतात असं म्हणणं मला उलटं वाटतं.

सप्टेंबर अखेरच्या फेरीत नोंदवहीतल्या लिंगाच्या रकान्यात फक्त 'मादी' लिहिलं. मादीची पिल्लांची पिशवी म्हणजे पोटावर नुसती कातडीची घडी. तिथे प्रत्येक सडाला एकेक उघडं, गुलाबी पिल्लू चिकटलेलं. जन्मतात ती जेमतेम पाच मिलिमीटरची, आणि बरेचदा सडांपेक्षा जास्त. ज्याला सड मिळत नाही ते जगत नाही. अशा मादीला आम्ही फार हाताळत नाही. पोट पाहायचं, पिल्लं मोजायची, जिथे सापडली तिथेच सोडायचं. उन्हाळ्यात पोरी बहुतेक आईच्या आसपास राहतील आणि पोरगे दुसऱ्या माद्यांच्या ढोलीत राहायला जातील. पुढच्या ऑगस्टसाठी त्यांच्या कानांवर खुणा करायचं काम तेव्हाचं.