टाइप-सी आहे, पण चित्र निघत नाही: सेवा केंद्रात मॉनिटर जोडण्याचा माझा अनुभव

लॅपटॉपला टाइप-सीचं भोक आहे म्हणून त्यातून बाहेरच्या मॉनिटरवर चित्र जाईलच, असं काही नाही. लॅपटॉप कंपनीच्या हेल्पलाइनवरच्या एकानेही हे वाक्य मला पहिल्या फोनवर सांगितलं असतं तर एवढं लिहायची वेळ आली नसती. राग अजून पुरता गेलेला नाही, पुढे कुठे तिखट लागलं तर सांभाळून घ्या.

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. लोक त्याला सेतूच म्हणतात. २०२३च्या खरिपात पीक विमा १ रुपयात आला, तेव्हा फॉर्म भरताना कोणी फार बारकाईनं बघत नव्हतं. २०२५च्या खरिपापासून ते एक रुपयाचं बंद झालं. आता सोयाबीनला २ टक्के आणि कपाशीला ५ टक्के हप्ता शेतकऱ्याच्या खिशातून जातो, आणि माणूस टेबलावर पार ओणवा होऊन विचारतो, "ताई, माह्या नावात 'राव' लावलं का? आधारवर आहे, सातबाऱ्यावर नाही." लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला की अंगठा घ्यायच्या थंब मशीनची वायर ताणते. शिवाय माझ्या स्क्रीनवर आधीच्या माणसाचं आधार, बँकेचं पासबुक, सगळं उघडं असतं. ते तिसऱ्यानं कशाला बघायचं? म्हणून दुसरा स्क्रीन घ्यायचं ठरवलं.

मॉनिटर २२ इंची, फुल एचडी, मागे एचडीएमआय आणि व्हीजीए. तो आला, स्टँडवर बसला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लॅपटॉप नागपूरहून, बर्डीवरून सेकंडहँड घेतलेला. त्याचा एचडीएमआय पोर्ट बंद आहे हे विकणाऱ्यानं आधीच सांगितलं होतं आणि तेवढे पैसेही कमी केले होते. टाइप-सी मात्र धडधाकट. तालुक्याच्या दुकानदारानं टाइप-सीवरून एचडीएमआय करणारा कन्व्हर्टर दिला, "लावा अन् चालवा" म्हणाला. मी लावला. मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं, थोडा वेळ राहिलं आणि मॉनिटर झोपी गेला.

विंडोज आणि पी ही बटणं दाबून पाहिली. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग डिस्प्ले, तिथलं 'डिटेक्ट' दाबलं. लॅपटॉप म्हणे दुसरा डिस्प्ले सापडत नाही. कन्व्हर्टर उलटा-सुलटा केला, मॉनिटरच्या मेनूत जाऊन इनपुट 'ऑटो'वरून 'एचडीएमआय'वर आणलं. काही नाही. मग मी तो शहाणपणा केला जो करायला सगळे सांगतात: हेल्पलाइनला फोन.

आमच्या केंद्रात रेंज खिडकीपाशीच येते. म्हणजे मी खिडकीत उभी, टेबलापुढे माणसं बसलेली, आणि कानात "हिंदी के लिए दो दबाएँ". मधेच आवाज तुटला की पुन्हा पहिल्यापासून. शेवटी माणूस लागला. "मॅडम, सीरियल नंबर बताइए." सांगितला. "मॅडम, आपका वॉरंटी तो एक्सपायर दिखा रहा है." मी म्हटलं, भाऊ, मला दुरुस्ती नको. या मॉडेलच्या टाइप-सीतून व्हिडिओ बाहेर निघतो की नाही, एवढंच सांगा. हो नाहीतर नाही. "उसके लिए पेड सपोर्ट लेना पड़ेगा, मॅडम." हो की नाही याचे पैसे!

नंतर लागलेला दुसरा जरा गोड बोलणारा होता. त्यानं "टाइप-सी है तो चलेगा, ड्रायव्हर अपडेट कर लीजिए" असं छातीठोक सांगितलं. ड्रायव्हर अपडेट केला. त्यात मोबाइलचा दिवसभराचा डेटा संपला, आणि पोर्टल उघडेना म्हणून लोकांना उद्या या सांगावं लागलं. उत्तर तेच, 'नो सिग्नल'. आणखी एक बाई होत्या, त्यांनी विंडोज रीसेट करायला सांगितलं. ऐन विम्याच्या हंगामात, ३१ जुलै तोंडावर आलेली, आणि मी थंब मशीनची सर्व्हिस, प्रिंटर, सगळं पुसून नव्यानं टाकायचं? मी फोन ठेवला. तुम्हालाही कोणी रीसेट सांगितलं तर आधी विचारा की पोर्टमध्ये व्हिडिओ आहे हे तुम्ही कागदावर पाहिलं का. बहुतेक वेळा समोरून शांतता मिळते.

मॉनिटर कंपनी म्हणाली लॅपटॉपचा दोष. लॅपटॉप कंपनी म्हणाली कन्व्हर्टरचा. दुकानदार म्हणाला, "ताई, वस्तू तं चांगली आहे, माह्याकडे चालून रायली." प्रत्येकाकडे दुसऱ्याचा दोष तयार, माझा प्रश्न मात्र कोणाच्याच टेबलावर नाही.

मग ठरवलं, एकेक वस्तू बाजूला काढत जायचं. घरून टीव्हीचा छत्रीवाला सेट-टॉप बॉक्स केंद्रात आणला आणि तीच एचडीएमआय वायर लावून मॉनिटरला जोडला. चित्र आलं. रिचार्ज संपल्याची पाटी होती, पण ठसठशीत आली. मॉनिटर निर्दोष, वायर निर्दोष. कन्व्हर्टर दुकानात नेला आणि म्हटलं, भाऊ, तुमच्या लॅपटॉपवर माझ्या डोळ्यांदेखत लावून दाखवा. त्याच्यावर लगेच चाललं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, हे त्याच्या पदरात टाकलं पाहिजे. आता उरलं फक्त माझ्या लॅपटॉपचं भोक.

याच्या मागची गोष्ट मला कळली ती अशी. टाइप-सी हे फक्त आकाराचं नाव आहे. २०१४ साली हा आकार ठरला, त्यात २४ पिना असतात. त्यातून काय काय जाऊ द्यायचं हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. चार्जिंग, फाइलींची ने-आण, आणि चित्र, ही तिन्ही कामं वेगवेगळी आहेत. चित्र जायचं असेल तर ग्राफिक्स चिपपासून त्या पोर्टपर्यंत डिस्प्लेपोर्ट नावाचा चित्राचा सिग्नल पोचवावा लागतो, त्याला ऑल्ट मोड म्हणतात. स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये तो गाळतात. साधा कन्व्हर्टर चित्र तयार करत नाही, आलेलं चित्र एचडीएमआयच्या भाषेत बदलून पुढे देतो. विहिरीत पाणीच नसेल तर मोटर बदलून काय होणार!

ओळखायची खूण असते. पोर्टच्या शेजारी इंग्रजी डी आणि त्याच्या पोटात पी असं छोटं चिन्ह असेल तर चित्र निघतं. विजेचा बाण असेल तर तो बहुतेक थंडरबोल्ट, मग त्यातूनही निघतं. माझ्या पोर्टशेजारी नुसतं त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह आणि 'एसएस' ही अक्षरं. पण काही कंपन्या चिन्ह छापतच नाहीत, म्हणून चिन्ह नाही एवढ्यावर निकाल देऊ नका. लॅपटॉप उलटा करा. खाली स्टिकरवर पूर्ण मॉडेल नंबर असतो, अक्षरं-आकडे मिळून लांबलचक. तोच टाकून कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलची पीडीएफ काढा. दुकानात सांगतात ते नाव टाकू नका, त्या एका नावाखाली भावंडं पुष्कळ असतात.

रात्री केंद्र बंद केल्यावर मी ती पीडीएफ काढली. पोर्टच्या यादीत लिहिलेलं, यूएसबी-सी ३.२ जेन १, आणि पुढे बारीक अक्षरात, फक्त डेटा ट्रान्सफरसाठी. खालच्या ओळीत त्याच नावाच्या महागड्या भावंडाला डिस्प्लेपोर्ट दिलेला. झालं. इतक्या फोनांचं उत्तर त्या एका बारीक ओळीत. कंपनीच्याच कागदावर असलेली ओळ कंपनीच्याच माणसांना वाचता आली नाही, आणि माझ्यासारख्या गावातल्या बाईनं मोबाइलवर बोटानं मोठी करून वाचली. याचा अभिमान वाटला, लपवत नाही. आणि ते '३.२ जेन १' वाचून मोठं काही आहे असं वाटतं ना? ते जुनं यूएसबी ३.० आहे, वेग तोच ५ जीबीपीएस, नाव तेवढं बदललं.

उपाय दोन होते. एक, एचडीएमआय पोर्ट नवा बसवून घेणे. त्यासाठी मदरबोर्डवर हात घालावा लागतो आणि हंगामात लॅपटॉप दुसऱ्याकडे सोडावा लागतो. दुसरा, यूएसबी डिस्प्ले अडॅप्टर. यात स्वतःची चिप असते. लॅपटॉप चित्राचा डेटा साध्या यूएसबीतून पाठवतो आणि अडॅप्टर त्याचं एचडीएमआय करतो, ऑल्ट मोडची गरजच नाही. मी डिस्प्लेलिंक चिपचा घेतला. साध्या कन्व्हर्टरपेक्षा बराच महाग पडतो. लावल्यावर लगेच काही दिसलं नाही तेव्हा पोटात गोळा आला होता, पण याला ड्रायव्हर लागतो. नेट चालू ठेवलं की विंडोज बहुतेक वेळा स्वतःच उतरवून घेतं, नाहीतर साइटवरून घ्या. लॅपटॉप बंद-चालू केला आणि मॉनिटरवर चित्र आलं. समोर बसलेले काका म्हणाले, "आता टीव्ही लावला का गा सेतूत?" मी एवढी हसले की त्यांनाच कळेना काय झालं.

फॉर्म, पीडीएफ, पोर्टल यासाठी हा अडॅप्टर उत्तम. गेम खेळायचे किंवा पैसे भरून बघायचे सिनेमे दुसऱ्या स्क्रीनवर लावायचे असतील तर यावर जाऊ नका. गेम अडखळतो, आणि कॉपी-संरक्षण असलेला व्हिडिओ काळा दिसू शकतो.

पोर्टांची भांडणं वेगळीच. थंब मशीन, प्रिंटर, माउस, त्यात हा. अडॅप्टरला यूएसबी ३ चा पोर्ट द्या, तो बहुतेक आतून निळा असतो, आणि थेट लॅपटॉपलाच द्या. थंब मशीन आणि प्रिंटर हबवर, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणाऱ्या डबीवर, टाकले तरी चालतात. हबवर अडॅप्टर टाकला तेव्हा स्क्रीन मधून मधून मिटायचा.

सेवा केंद्रवाल्यांना कळकळीनं सांगते, विंडोज आणि पी दाबल्यावर 'डुप्लिकेट' निवडू नका, 'एक्स्टेंड' निवडा. डुप्लिकेटमध्ये तुमचा पासवर्ड, दुसऱ्याचं आधार, सगळं गावाला दिसतं. एक्स्टेंडमध्ये दोन्ही स्क्रीन वेगळे राहतात. मी मॉनिटर टेबलाच्या कडेला तिरपा ठेवला आहे, मलाही दिसतो आणि समोरच्यालाही. चालू फॉर्म तेवढा तिकडे, बाकी पसारा लॅपटॉपवर. सेटिंग्जमध्ये १ आणि २ असे चौकोन दिसतात, टेबलावर मॉनिटर ज्या बाजूला आहे त्याच बाजूला २चा चौकोन ओढा, नाहीतर माउसचा बाण भलत्याच कडेला हरवतो. म्हाताऱ्या माणसांना अक्षर दिसत नाही म्हणून ब्राउझरचा झूम वाढवू नका, क्रोममध्ये तो साइटला लागतो, म्हणजे लॅपटॉपवर उघडलेलं तेच पोर्टलही फुगतं. त्याऐवजी डिस्प्ले सेटिंगमध्ये २वर क्लिक करून स्केल १५० टक्के करा, फक्त तो स्क्रीन मोठा होतो. आता नाव, गट नंबर, खाते क्रमांक माणूस स्वतः वाचतो आणि बोट ठेवून "हे चुकलं" म्हणतो, सबमिट करायच्या आधीच.

अर्थिंगचं विसरलेच. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असं समजा, आणि अशा ठिकाणी चालू लॅपटॉप चालू मॉनिटरला जोडू नका. दोन्हीकडच्या विजेत फरक असला की ती त्या वायरीतूनच वाट काढते आणि पोर्ट जाऊ शकतो. माझ्या लॅपटॉपचा एचडीएमआय आधीच्या मालकाकडे असाच टीव्हीला लावताना गेला असावा असा मला दाट संशय आहे. तीन पिनांचा प्लग वापरा, तिसरी पिन कापून दोन पिनांच्या बोर्डात घुसवू नका, आणि वायर जोडताना दोन्ही बंद ठेवा.

आणि लाइन जाते तेव्हाचं. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, मॉनिटर बंद पडतो, पण लॅपटॉपला वाटतं दुसरा स्क्रीन अजून आहेच. फॉर्म त्या काळ्या स्क्रीनवर अडकतो आणि इकडे ओटीपीची मुदत चाललेली. तेव्हा घाबरून वायर उपटू नका. टास्कबारवर त्या खिडकीवर क्लिक करून विंडोज, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबा, फॉर्म लॅपटॉपच्या स्क्रीनवर येतो. असा मॉनिटर साधारण २०-२५ वॉटच खातो, तेव्हा इन्व्हर्टर असेल तर त्याचा प्लग पंख्याच्या आधी इन्व्हर्टरवर घ्या. जुलैत लोक पंख्याविना बसतात, फॉर्मविना बसत नाहीत.