तुम्ही विचारलंत म्हणून: ‘स्वॉट ४’बद्दल खेळाडूंची मते इतकी टोकाची का?

‘स्वॉट ४’ (स्वॉट म्हणजे अमेरिकी पोलिसांचे धोकादायक कारवायांसाठीचे खास पथक) हा २००५ सालचा संगणकावरील गेम आहे. त्यात उडी मारता येत नाही, मोहीम अर्धवट सोडून ती मधूनच पुढे सुरू करता येत नाही आणि कित्येकदा एका मोहिमेत तुमच्या बंदुकीतून एकही गोळी सुटत नाही. तरीही पथक घेऊन खेळायच्या नेमबाजीच्या गेमांचा विषय निघाला की कुणीतरी याचे नाव सर्वांत वर ठेवतो, आणि लगेच दुसरा कुणीतरी सांगतो की आपण तो दोन मोहिमांनंतर कंटाळून बंद केला. या गेमबद्दल मी बराच बोलत असल्यामुळे मला वारंवार विचारले जाते की यांतले खरे कोण. ही स्तुती जुन्या आठवणींच्या मायेतून येते, की गेममध्ये खरोखरच काही आहे? माझे मत असे की स्तुती खरी आहे, पण ती बहुतेक वेळा चुकीच्या गुणासाठी केली जाते, आणि टीकाकारांच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी मला मान्य आहेत.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इरॅशनल गेम्स या अमेरिकी कंपनीने तो बनवला. याच कंपनीने पुढे २००७ मध्ये ‘बायोशॉक’ काढला. सिएरा या अमेरिकी गेम कंपनीच्या ‘पोलीस क्वेस्ट’ या १९८७ पासूनच्या साहसी गेमांच्या मालिकेतून ‘स्वॉट’ ही शाखा फुटली, आणि १९९९ च्या ‘स्वॉट ३’ने तिला आजचे रूप दिले. खेळाडू हा पाच जणांच्या पोलीस पथकाचा प्रमुख असतो. उरलेले चौघे संगणक चालवतो आणि ते लाल व निळ्या अशा दोन जोड्यांत विभागलेले असतात. काम एकच: इमारतीत शिरायचे, ओलिसांना वाचवायचे आणि संशयितांना शक्य तोवर जिवंत पकडायचे. मूळ गेममध्ये १३ मोहिमा आहेत, आणि २००६ मध्ये आलेल्या ‘स्टेचकोव्ह सिंडिकेट’ या विस्तारात आणखी ७.

खेळाडूंच्या तोंडी सर्वाधिक येणारे कौतुक म्हणजे सोबत्यांची बुद्धी. इतके शहाणे सहकारी नंतरच्या गेमांतही सापडत नाहीत, असे अनेक जण म्हणतात. हे विधान मी अर्धेच स्वीकारतो. हे चौघे शहाणे वाटतात ते दारापाशी. बंद दारावर नजर रोखली की एका कळीसरशी हुकूम देता येतो: दाराच्या बाजूंना रांगेत उभे राहा, दाराखालून कॅमेरा सरकवून आत पाहा, कुलूप उघडा किंवा स्फोटकाने दार उडवा, फ्लॅशबँग (डोळे दिपवणारा, कान बधिर करणारा हातगोळा) किंवा अश्रुधूर फेका आणि आत शिरून खोली ताब्यात घ्या. हुकूम सुटताच चौघे ठरल्या क्रमाने कामाला लागतात, डावी-उजवी बाजू वाटून घेतात, ओरडून शरण यायला सांगतात, आणि हे सगळे इतक्या सफाईने होते की पहिल्यांदा पाहणारा थक्क होतो. गेमच्या कर्त्यांनी आज्ञांची सगळी व्यवस्था दाराभोवती रचली, हा त्यांचा सर्वांत हुशार निर्णय होता. दार म्हटले की अलीकडे काय आणि पलीकडे काय हे निश्चित होते. संगणकाला जागेचा अर्थ लावत बसावे लागत नाही.

याच निर्णयाची दुसरी बाजू टीकाकारांच्या वाट्याला येते. जिथे दार नाही, म्हणजे दुकानातील मांडण्यांच्या रांगा, मोठी दालने, लांबलचक बोळ किंवा जिना, तिथे हेच चौघे गोंधळतात. तुमच्या मागे गर्दी करून उभे राहतात, तुमच्या बंदुकीच्या रेषेत येतात, वळणावर एकमेकांना अडवतात. ‘ए-बॉम्ब’ नावाच्या नाइटक्लबातील मोहीम मोकळ्या जागांमुळे अनेकांना नकोशी वाटते, आणि तिच्यावरील राग बऱ्याचदा पूर्ण गेमवर निघतो. म्हणून कुणी या गेमची स्तुती किंवा निंदा करू लागला की मी आधी विचारतो, तुमच्या डोळ्यांसमोर कोणती मोहीम आहे? बहुधा उत्तरातच वादाचा निकाल असतो. खोल्याखोल्यांची घरे आठवणारे खूश असतात, मोकळ्या जागा आठवणारे चिडलेले असतात, आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

मात्र मतभेदाचे खरे मूळ याहून खोल आहे, आणि ते बळाच्या वापराच्या नियमात आहे. संशयिताच्या हातात शस्त्र आहे एवढ्यावर त्याला गोळी घालता येत नाही. त्याने ते तुमच्यावर, सहकाऱ्यावर किंवा ओलिसावर रोखले पाहिजे. त्याआधी गोळी झाडली तर ती अनधिकृत बळाचा वापर म्हणून नोंदली जाते आणि गुण कापले जातात. मोहिमेअखेर शंभरपैकी गुण मिळतात. सर्वांत सोप्या पातळीवर कितीही गुण चालतात, मध्यम पातळीवर ५० लागतात, त्यावरच्या पातळीवर ७५ आणि ‘एलिट’ पातळीवर ९५. म्हणजे सगळे ओलीस सुखरूप बाहेर आले, एकही संशयित मोकळा राहिला नाही, तरी गुण कमी पडले म्हणून मोहीम अयशस्वी ठरू शकते. प्रत्येक पकडलेल्या, जखमी किंवा मृत व्यक्तीची वार्ता नियंत्रण कक्षाला द्यायची, जमिनीवर पडलेले प्रत्येक शस्त्र उचलून ताब्यात घ्यायचे आणि ओलिसांनाही बेड्या घालायच्या, कारण कोण कोणाला मिळालेला आहे हे त्या घटकेला ठाऊक नसते.

नेमबाजीचे गेम खेळून आलेल्या माणसाला हा सगळा प्रकार हात बांधून कुस्तीला उतरवल्यासारखा वाटतो. त्याची तक्रार साधारण अशी असते: समोरच्याने बंदूक वर करेपर्यंत मी थांबायचे, आणि त्याने ती वर केली की मी मरतो, यात न्याय कुठला? तक्रारीत तथ्य आहे. काही संशयित इतक्या चपळाईने वळून गोळी झाडतात की नियम पाळणाऱ्याला प्रत्युत्तराची संधीच मिळत नाही. काही हात वर करून शरण आल्याचे भासवतात आणि नजर हटताच पुन्हा शस्त्र उचलतात. पण या अन्यायाला गेमने उत्तरही दिले आहे, फक्त ते बंदुकीत नाही. फ्लॅशबँग, रबरी गोळ्या उधळणारा स्टिंगर, अश्रुधूर, विजेचा झटका देणारा टेझर, मिरचीचा फवारा, प्राणघातक नसलेली छर्‍यांची पिशवी मारणारी बंदूक, दारात ठोकायची पाचर, आणि दाराखालून सरकवायचा कॅमेरा ही साधने शोभेसाठी दिलेली नाहीत. ज्या खोलीत संशयित डोळे चोळत, खोकत उभा आहे त्या खोलीत तुम्ही शिरलात तर ‘थांबायचे की झाडायचे’ हा प्रश्न बराच सैल पडतो. जो खेळाडू दार उघडून थेट आत घुसतो आणि मग नियमाला नावे ठेवतो, त्याने गेमने दिलेला निम्मा वेळ वापरलेलाच नसतो. सामना दार उघडण्याआधी चालू झालेला असतो, हे एकदा उमगले की हाच नियम जाचक वाटेनासा होतो आणि प्रत्येक खोलीला स्वतःची गोष्ट येते.

(मिरचीच्या फवाऱ्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. काही ओलीस घाबरून किंवा हट्टाने गुडघ्यांवर बसायला तयारच होत नाहीत, आणि मग नाइलाजाने त्यांच्यावरच फवारा मारून बेड्या घालाव्या लागतात. इतक्या गंभीर गेममध्ये खेळाडूंना सर्वाधिक हसू येते ते याच प्रसंगी, आणि ते हसू थोडे अपराधी असते.)

आता त्या गुणाकडे येतो, ज्यासाठी गेमची सर्वांत जास्त आणि, माझ्या मते, सर्वांत चुकीची स्तुती होते. तो म्हणजे ‘वास्तवता’. पाच माणसे एखाद्या रुग्णालयाचे मजले किंवा एका पंथाने बळकावलेली जुनी चाळवजा इमारत एकट्याने तपासत फिरतात, यात वास्तव ते काय? बेड्या घातलेल्या माणसाला तिथेच सोडून पथक पुढच्या खोलीकडे निघते, आणि बाहेर न्यायला दुसरे कुणी येताना दिसत नाही. साधनांची नावे खरी आहेत, हालचालींची पद्धत खऱ्या पथकांवरून उचललेली आहे, पण एवढ्याने गेम वास्तव होत नाही. त्यात जे आहे त्याला मी अनिश्चितता म्हणेन. प्रत्येक वेळी मोहीम सुरू केली की संशयित आणि ओलीस नव्या ठिकाणी असतात. मागच्या खेपेला जिन्याखाली दडलेला माणूस या खेपेला माडीवर असतो किंवा नसतोच. तुम्हाला नकाशा पाठ होतो, पण माणसे पाठ होत नाहीत. शिवाय एखादा संशयित ओरडताच शस्त्र टाकेल की पळेल की गोळी झाडेल, हे त्याचा धीर किती उरला आहे यावर ठरते आणि तो धीर तुम्हाला दिसत नाही. वीस वर्षांपूर्वीच्या गेममध्ये आजही छातीत धडधड होते ती यामुळे. चित्रांची जुनी झालेली कळा, ताठर चेहरे, ठोकळेबाज हात हे सगळे त्या क्षणी डोळ्यांआड होते.

ज्यांना ‘स्वॉट ३’ अधिक आवडतो त्यांचे म्हणणेही ऐकण्याजोगे आहे. त्या गेममध्ये पथकाला गुपचूप हालचाल आणि वेगवान हल्ला अशा दोन रीतींपैकी एक निवडून देता येत असे, आणि त्यानुसार सोबत्यांचे बोलणे-चालणे बदलत असे. चौथ्या भागात ही सोय राहिली नाही. सोबती दबक्या पावलांनी दारापर्यंत येतात आणि मग मोठ्याने बोलून सगळ्यांना जागे करतात. ही उणीव खरी आहे आणि तिचा बचाव मी करणार नाही.

वातावरणाबद्दल मात्र दोन्ही गटांचे क्वचितच दुमत होते. विशेषतः दुसरी मोहीम, म्हणजे फेअरफॅक्स नावाच्या अपहरणकर्त्याचे घर. अस्ताव्यस्त, कोंदट, सामानाने भरलेले घर, त्यात त्याची म्हातारी आई, आणि खाली तळघर. तिथे काय आहे ते सांगून मी नव्या खेळाडूची मजा घालवत नाही. एवढेच म्हणतो की तिथे भीती दाखवणारी कुठलीही युक्ती वापरलेली नाही. घरातल्या वस्तूंची मांडणीच सगळे सांगते. मोहिमेआधीच्या माहितीत कधीकधी आपत्कालीन सेवेला आलेल्या दूरध्वनीचे ध्वनिमुद्रण ऐकवले जाते, तेही असेच साध्या आवाजात काम करते. बंदुकांच्या गेममध्ये इमारतींना पूर्वायुष्य असते हे मला तरी इतक्या ठळकपणे आधी जाणवले नव्हते.

अनेक खेळाडूंची मते मुळात एकट्याने खेळण्याबद्दल नसतातच, हेही लक्षात घ्यावे लागते. मूळ गेममध्ये पाच जणांना मिळून मोहिमा खेळता येत, आणि ज्यांनी तो माणसांच्या संगतीत खेळला त्यांना सोबत्यांच्या बुद्धीची तक्रार कधी करावीच लागली नाही. २०१४ मध्ये गेमस्पाय ही सेवा बंद झाली तेव्हा अनेक जुन्या गेमांप्रमाणे यातही सर्व्हर शोधण्याची मूळ व्यवस्था कोलमडली आणि खेळाडूंनीच पर्याय उभे केले. मालिका मात्र पुढे सरकली नाही. २००७ मध्ये हातात धरायच्या प्लेस्टेशनसाठी आलेल्या ‘टार्गेट लिबर्टी’ने तिची जागा भरून निघाली नाही. त्यामुळे ‘रेडी ऑर नॉट’ हा याच धर्तीचा गेम २०२१ मध्ये अपूर्णावस्थेत आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये पूर्ण रूपात आला तेव्हा प्रत्येक चर्चेत जुन्या गेमशी तुलना झाली. नवा गेम दिसायला, ऐकायला आणि बंदूक हाताळायला कितीतरी सरस आहे. तरी जुन्याची एक बाब मला अजून अधिक आवडते: पडद्याच्या कोपऱ्यातील चौकटीत एखाद्या सोबत्याच्या शिरस्त्राणावरील कॅमेऱ्यातून पाहत त्याच चौकटीतून त्याच्या जोडीला हुकूम देता येतो, आणि दोन दारांतून एकाच वेळी शिरणे त्यामुळे सुखाचे होते.

मग तुम्ही तो आज खेळावा का? ज्याला खोलीत शिरण्याआधी दोन मिनिटे विचार करण्यात आनंद वाटतो त्याने जरूर खेळावा. ज्याला वेग हवा आहे त्याच्यावर माझा आग्रह नाही, कारण हा गेम पुढे जाऊन वेगवान होत नाही. गॉग (GOG) या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावर २०१७ पासून विस्तारासह ‘गोल्ड’ आवृत्ती मिळते. रुंद पडद्यासाठी सेटिंगच्या फाइलमध्ये हाताने बदल करावे लागतात, ते आधी उरकून घ्या. सुरुवात मध्यम पातळीवर करा. सोप्या पातळीवर गुणांची अट नसल्यामुळे बंदुकीनेच सगळे भागते आणि गेमचा अर्धा भाग दिसतच नाही. खेळाडूंनी बनवलेला ‘एलिट फोर्स’ हा मॉड (मूळ गेममध्ये बदल करणारी जोडणी) सोबत्यांचे वागणे सुधारतो आणि नवी साधने देतो, पण त्याला विस्तार लागतो, आणि मूळ मोहिमा एकदा जशा होत्या तशा खेळून झाल्यावरच तो बसवावा असे माझे मत आहे.