लिव्हरवरचा हात काढा

पहिल्यांदा ट्रॅक्टरला स्लॅशर (मागं जोडायचा, फिरत्या पात्यांनी गवत कापणारा मोवर) जोडला तेव्हा मी अख्खा दिवस उजवा हात हायड्रोलिकच्या लिव्हरवर ठेवून गवत कापलं. जरा खाली बसला की उचल, जरा वर आला की सोड, मान मागं वळवून वळवून आखडली आणि संध्याकाळी उतरून बघतो तर कुठं उघडी माती, दोन पावलं पुढं घोटाभर गवत तसंच. मला वाटलं पाती बोथट आहेत. पाती चांगली होती, चूक माझीच होती.

पहिली चूक म्हणजे लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार उचलणारी हायड्रोलिकची यंत्रणा, ड्राफ्ट कंट्रोलवर होती. ड्राफ्ट हा नांगराचा मित्र, नांगर जड ओढायला लागला की ताण ओळखून तो आपोआप थोडा उचलतो. मोवरला जमिनीतून काही ओढायचंच नसतं, मग तिथं तो कसला ताण ओळखणार, धक्का बसला की उगाच वरखाली करत बसतो. ही लिफ्ट मुळात नांगराचा विचार करूनच बनलेली, हॅरी फर्ग्युसनची ही सिस्टीम 1936 साली फर्ग्युसन-ब्राऊन ट्रॅक्टरवर बाजारात आली तेव्हा पोझिशन कंट्रोल (लिव्हर जिथं ठेवाल त्या उंचीवर अवजार धरणारा) नव्हताच, तो 1947 च्या फोर्ड 8एन सारख्या ट्रॅक्टरवर ड्राफ्टच्या जोडीला आला. असो.

तर मग पोझिशनवर टाकलं. फरक पडला, पण अर्धाच. कारण पोझिशन कंट्रोल उंची धरतो ती ट्रॅक्टरच्या हिशोबाने, जमिनीच्या नाही! पुढची चाकं उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टर मागच्या एक्सलवर झुलतो आणि मागं लटकलेला मोवर खाली जातो, पुढची चाकं खड्ड्यात गेली की तोच मोवर वर. म्हणजे लिव्हर अगदी जागेवर असूनही पातं लाटा मारतंय. त्यात जुन्या लिफ्टचं सील गेलेलं असलं तर ती हळूहळू बसते, मग झटका देऊन परत उचलते, परत बसते. मोवर उचलून इंजिन बंद करा आणि अर्ध्या तासाने बघा, खाली आला असेल तर तेल कुठून तरी सुटतंय हे नक्की. (बघायचं ते लांबूनच, खाली वाकून नाही.)

आता माझं मत असं झालंय की हायड्रोलिकचं काम फक्त उचलणं. उंची धरायची ती लोखंडाने आणि चाकाने.

बहुतेक स्लॅशरला मागं चाक असतं, मागची उंची तेच धरतं. पुढच्या बाजूला दोन साखळ्या लावल्या, वरचं टोक ट्रॅक्टरच्या टॉप लिंकच्या (अवजाराला वरून जोडणारा मधला दांडा) पिनपाशी आणि खालचं मोवरच्या खालच्या पिनांपाशी. पाहिजे त्या उंचीचे लाकडी ठोकळे मोवरखाली सरकवले, मोवर त्यावर बसवला, दोन्ही साखळ्या ताणून अडकवल्या आणि ठोकळे काढले. आता काम करताना लिव्हर पूर्ण खाली सोडायचा, वजन साखळीवर येतं, मोवर ठरलेल्यापेक्षा खाली जाऊच शकत नाही पण उंचवटा लागला तर वर मात्र जाऊ शकतो. इतकी साधी गोष्ट, आणि मी महिनाभर लिव्हरशी झटत होतो.

मोजायचं ते पात्याच्या टोकापासून, पत्र्याच्या कडेपासून नाही. मी आधी पत्राच मोजला होता, पातं त्याच्या किती आत आहे ते बघितलंच नव्हतं. पुढची बाजू मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच खाली ठेवा. मागची खाली राहिली तर कापलेलंच गवत परत कापलं जातं आणि इंजिनवर लोड येतो. डावं-उजवं लेव्हल उजव्या लिफ्ट रॉडवरून (खालचा हात उचलणारा, लांबी बदलता येणारा दांडा) करायचं, पण त्याआधी मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी करून घ्या. मी एकदा तासभर लेव्हल करत बसलो आणि शेवटी एक टायर कमी हवेचा निघाला.

टॉप लिंक ढिली पाहिजे, हे सगळ्यात जास्त चुकतं. ती कडक ओढलेली असली तर मागचं चाक उंचवट्यावर चढताना पुढची बाजूही त्याच्याबरोबर उचलली जाते. मोवरच्या ज्या ब्रॅकेटला ती जोडते त्याला लांबट खाच असेल तर पिन खाचेच्या मधोमध राहील एवढी ठेवायची.

फ्लेल मोवरचं (आडव्या रोटरवर लटकणाऱ्या हातोड्यांनी कापणारा) गणित वेगळं. तिथं मागचा रोलरच उंची ठरवतो, त्याच्या ब्रॅकेटला दोन-तीन भोकं असतात, बोल्ट बदलायचा. साखळीची गरज नाही, लिव्हर खाली आणि रोलर जमिनीवर. टॉप लिंक फार आखूड केली तर मोवर पुढं झुकतो आणि हातोड्या माती खायला लागतात, धुरळा उडाला की समजून जा.

हे सगळं सेट करताना पीटीओ (इंजिनची ताकद अवजाराला देणारा मागचा फिरता शाफ्ट) बंद, इंजिन बंद, चावी खिशात. आणि नुसत्या हायड्रोलिकवर उचललेल्या मोवरखाली हातसुद्धा घालायचा नाही, आधी ठोकळे.

आता लिव्हरला हात लागतो तो फक्त वळणावर, तेही जमीन सुटेल एवढंच उचलतो, कारण पीटीओ चालू ठेवून जास्त वर नेलं की शाफ्टचे जॉइंट खडखडायला लागतात आणि तो आवाज ऐकला की मला अजून घाम फुटतो.