मगे तुजां काय?

रविवार, रात्र

बुवांनी आज एवढंच विचारलं. आमच्या खाडीवरच्या शेवटच्या होडीची गोष्ट चित्र, आवाज, नाटक, पाटी अशा वेगवेगळ्या माध्यमांतून सांगायची, त्याची रविवारची बैठक; सगळ्यांचं आपापलं दाखवून झालं होतं, खळ्यात चहाचे पेले तसेच पडले होते. बुवांनी चपलेत पाय सरकवला, भिंतीवर चिकटवलेल्या माझ्या तक्त्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्यां बरां आसा. मगे गो, ह्येच्यात तुजां काय?"

मी हसले. "माझं काय बुवा, मी आपली सगळ्यांना गोळा करते." त्यांनी मान हलवली आणि फाटक लावून गेले. फाटक लावायला ते कधी विसरत नाहीत.

भांडी घासली, कणीक मळली, तरी प्रश्न काही खाली बसेना. टोमणा होता का? बुवा टोमणे मारत नाहीत. मारले तर सरळ मारतात, नाव घेऊन. म्हणजे खरंच विचारलं असणार. ते तर जास्तच वाईट.

कारण माझं काहीच नाही. सरांची मुलगी कॉमिक काढते. धाकटा आवाज रेकॉर्ड करतो, खाडीवर पहाटे पाचला जाऊन वल्ह्याचा आवाज पकडून आणला त्याने. (तो मोपाला लागतोय, विमानतळावर. त्यावर आज लिहायचं नाही.) बुवा स्वतः दशावतारातले, ते त्यातला एक प्रवेश त्याच अंगाने उभा करणार. वहिनी धक्क्यावर लावायची पाटी रंगवतायत, खाली कोड, मोबाइल धरला की होडीवाल्याचा आवाज. आणि मी? मी तक्ता केला. चार रंगांत, बाणांसकट.

अकरा महिने झाले. निरोप मी द्यायचे, कोण येतंय कोण नाही ते मी बघायचं, साखर माझी, दूध माझं, पावसात सतरंजी वाळवायची मी. ग्रुपवर एकोणीस माणसं, खळ्यात सहा. बाकीचे अंगठा दाखवतात. गाऱ्हाणं घालावं तसं माझं चाललेलं असतं, बा देवा म्हाराजा, येत्या रविवारी चार वाजता या रे सगळे, आणि तेरा अंगठे: व्हय म्हाराजा. मग कुणी येत नाही. देवालाही असंच वाटत असेल का, कोण जाणे.

सुरुवातीला किती जोरात होते मी. ट्रान्समीडिया, ट्रान्समीडिया. माध्यमांचे अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी 2003 साली मांडलेलं सगळ्यांना समजावून सांगितलं: एकच गोष्ट चार ठिकाणी परत परत सांगायची नाही, प्रत्येक माध्यमाने तिच्यात स्वतःची भर घालायची. चित्रात जे आहे ते आवाजात नको, आवाजात जे कळतं ते धक्क्यावर उभं राहिल्याशिवाय पुरं व्हायला नको. उदाहरण म्हणून मॅट्रिक्स सांगितलं, सिनेमे, गेम, अ‍ॅनिमेशन. धाकटा म्हणाला, ताई, आपल्याकडे गेमला पैसे कोण देणार? वहिनी म्हणाल्या, आधी चाय घे.

नंतर कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलो सगळे. ठाकर आदिवासींची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत सांगायची कथा, लाकडी कळसूत्री, चामड्याच्या बाहुल्या. परशुराम गंगावण्यांना 2021 ला पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरचं संग्रहालय, पूर्वी तिथे गुरांचा गोठा होता. तेच रामायण कागदावर, तेच लाकडात, तेच पडद्यामागच्या उजेडात. मी तिथेही शहाणपणा केलाच. म्हटलं, बघा, हेच ते ट्रान्समीडिया! कुणी काही बोललं नाही. बुवा पोथीतली चित्रं बघत होते, एकेक पान उलटलं जाताना. आता लिहिताना कान गरम होतायत. आणि शिवाय ते खरंही नव्हतं पूर्ण. तिथे कथा एकच आहे, पण हनुमानाने उडायचं ते चामड्याच्या बाहुलीनेच, लाकडाच्या अंगाला ते जमणार नाही. रावणाने मोठे डोळे करून बघावं ते कागदावर. कुणाला काय झेपतं ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तक्ता कुणी केला नव्हता.

पुन्हा तक्ता. पुन्हा तिथेच येतेय मी.

आज झालं काय, तर दोघांनी पूर्ण गोष्ट सांगून टाकली. कॉमिकमध्ये शेवटची होडी, ती चुकलेली बाई, होडीवाला, पूल, सगळं. आणि धाकट्याच्या रेकॉर्डिंगमध्येही तेच सगळं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. बाईची बाजू चित्रात आणि होडीवाल्याची आवाजात, असं जुलैत ठरलं होतं. वहीत लिहिलंय. पण कुणालाच अर्धं सांगवत नाही. अर्ध्यावर थांबायचं म्हणजे उरलेलं दुसरा नीट सांगेल असा भरवसा लागतो, आणि तो अकरा महिन्यांत, सहा माणसांत, माझ्या चहावर तयार झालेला नाही. मला हे बोलायचं होतं. तेवढ्यात बुवा उठले.

बरं, दशावतारात हे होतं कसं? तिथे तर लिहिलेलं काहीच नसतं. आख्यान ठरतं, कोण कुठलं पात्र ते ठरतं, आणि मग मृदंग वाजला की संवाद उभ्याउभ्या. एक बाकडं, तेच सिंहासन, तेच रान. समोरचा काय बोलेल ते आधी माहीत नसतं, तरी आपलं आपल्यापुरतं ठेवून त्याला वाट देतात.

आणि इथे लिहिता लिहिता आठवलं. गेल्या वर्षी देवळामागे, दशावतारी नटांचा रंग चालला होता तिथे मी गेले होते वहिनींसोबत. आरसा मांडीवर घेऊन बसलेला एकजण आत येणाऱ्याला विचारत होता, "आज तुजां काय?" आणि तो म्हणाला, "नारद." बस. त्यांच्यात हे रोज रात्री विचारतात. जेवलास का म्हणतात ना, तसं.

म्हणजे बुवांनी मला पात्र विचारलं. आणि मी सांगितलं, मी गोळा करते. शाब्बास.

तरी उत्तर नाहीच. दशावतारात तक्तावाली नसते. (परंपरेने बाईही नसते म्हणा, तिचं लुगडं पुरुषच नेसतो. हा वाद बुवांशी एकदा घालायचाय, आज नाही.)

साडेनऊला धाकट्याचा फोन. "ताई, होडीक शीड होतां काय? ती शीड काढून बसलीहा चित्रात. माझ्याकडे नुसतां वल्हां."

मी वही उघडली. पान सात. ठामपणे सांगितलं: शीड नव्हतं. दहा मिनिटांनी सरांच्या मुलीचा फोन, तिलाही सांगितलं. दोघांनी मुकाट्याने ऐकलं. तिने चार पानं खोडायला घेतली, बिचारी. मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. एवढं तरी मला विचारल्याशिवाय होत नाही, असं.

आई आतून म्हणाली, "शीड नाय? कोणी सांगल्यान? वारो आसलो काय शीड लावीत. नुसतां वल्हवून कुडाळच्या बाजाराक कोण पोचतलो?"

पान सात मी कुणाला विचारून लिहिलं होतं, आठवत नाही. बहुतेक कुणालाच नाही.

आता अकरा वाजून गेले. तिची चार पानं खोडून झाली असतील. ग्रुपवर टाकलं: शीड होतं. वारा असेल तेव्हाच. दोघांचंही बरोबर, चूक माझी, वही दुरुस्त करते.

लगेच एक अंगठा. बुवांचा.

इतक्या रात्री जागे कसे हे? जत्रा सुरू व्हायला तर अजून महिना आहे.