चुलीतलं क्रियापद

भाषाशास्त्राच्या पुस्तकात शब्दाआधी चांदणी दिसली, की समजायचं: हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, वारसांच्या तोंडवळ्यांवरून पूर्वजाचं चित्र काढलंय. *पेक्ती हे असंच एक आदि-स्लाव्ह, म्हणजे पोलिश, चेक, रशियन या भाषांच्या पूर्वज-भाषेतलं, क्रियापद. अर्थ भाजणे. वारस मात्र सगळे हयात आहेत: पोलिशमध्ये प्येत्स, चेकमध्ये पेत्स्त, रशियनमध्ये पेच.

रशियनात पेच म्हणजे भाजणे आणि पेच म्हणजे भट्टीसुद्धा. ही भट्टी आपली तीन दगडांची चूल नव्हे. विटांचं, खोलीचा मोठा कोपरा अडवणारं धूड. आत लाकडं पेटवायची, निखारे बाजूला ओढायचे आणि तापलेल्या तळावरच पाव सरकवायचे. विटा तासन्‌तास ऊब धरतात, म्हणून कडाक्याच्या थंडीत म्हातारी माणसं आणि पोरं वरच पथारी टाकत. लोककथेतला आळशी येमेल्या तर खाली उतरतच नाही. भट्टीसकट राजाच्या भेटीला जातो. मला तो फार जवळचा वाटतो.

भट्टीच्या तोंडासारखी म्हणून गुहेलाही याच मुळातून नाव मिळालं. १०५१ सालचा, कीव्हमधला पेचेर्स्क मठ म्हणजे गुहांचाच मठ. बुडापेस्टमधलं 'पेस्ट'ही याच कुळातलं असावं, असं बरेच जण मानतात. गंमत म्हणजे नदीपलीकडच्या बुडाला जर्मन लोक 'ओफेन', म्हणजे भट्टीच, म्हणत. रशियन दुःखाचं नावही इथलंच: पेचाल. जीव जळतो, दुसरं काय!

आपल्याकडे याचा चुलतभाऊ संस्कृत धातू 'पच्', म्हणजे शिजवणे. रशियन माणूस 'मी भाजतो'ला पेकू म्हणतो, 'तो भाजतो'ला पेच्योत. संस्कृतात पाक, पण पचति. 'क'चा 'च' दोन्हीकडे झाला, तोही एकमेकांना न विचारता, वेगवेगळ्या काळात. आपण मात्र या शब्दाला चुलीपाशी फार वेळ बसू दिलं नाही. जेवण पचतं, आंबा पिकतो, केस पिकतात, आणि कशालाच काडी लावावी लागत नाही.

याच घराण्याची एक शाखा लॅटिनमधून इंग्रजीत गेली आणि तिथून आपल्या ओट्यावर आली: कुकर. म्हणजे स्वयंपाक आणि कुकर एकाच भावकीतले. त्यात भात शिजतो ते 'शिजणे' मात्र परकं. ते संस्कृत 'सिध्' धातूच्या घरचं.