तिसऱ्या सिलिंडरचा प्लग

मे महिन्यात भर दुपारी गॅरेजला एमएच 13 पासिंगची ह्युंदाई आय20 एन लाइन आली. नवं सुधारित मॉडेल. पोरगा पंचविशीतला, घरचा चादरीचा कारखाना. तक्रार एका वाक्यात सांगितली: "मालक, चौथ्यात पूर्ण दाबली की तीन हजाराला झटके मारते आणि इंजिनचा दिवा लुकलुकतो."

हा दिवा नुसता लागून राहणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो म्हणजे इंजिन मिसिंग करतंय, एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल पेटत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल पुढे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय. अशा वेळी पाय लगेच उचलायचा आणि गाडी सावकाश आणायची. याने मोहोळपासून दाबत आणली होती.

गाडीत कंपनीने काय दिलंय ते आधी सांगतो, कारण सगळी गफलत तिथूनच सुरू होते. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो (हवा दाबून आत ढकलणारं) इंजिन, 120 पीएस, 172 न्यूटन मीटर. सप्टेंबर 2023 मध्ये मॉडेल बदललं तेव्हा क्लचचं पेडल नसलेला आयएमटी गिअरबॉक्स गेला आणि पायात क्लच असलेला सहा गिअरचा सरळ मॅन्युअल आला. साध्या आय20 मधून टर्बो काढूनच टाकला, तिथे 1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन राहिलं. एन लाइनला सस्पेन्शन कडक, स्टिअरिंग जड, चारही चाकांना डिस्क, एक्झॉस्टला दोन तोंडं. ताकद मात्र वाढवलेली नाही. त्या पैशात इतकी नीट बसलेली छोटी गाडी क्वचितच मिळते, असं माझं ठाम मत आहे. पोराला तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्याने बाहेरून 'परफॉर्मन्स पॅकेज' बसवून घेतलं: हवेचा उघडा कोन फिल्टर आणि स्टेज वन रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम.

आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. इथे दोन्ही एकदम अडकत होते, म्हणजे क्लच बाजूला. स्कॅनरवर दोन कोड आले: पी0299, म्हणजे बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) कमी, आणि पी0303, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. आधीच्या गॅरेजने पी0303 वाचून ठिणगी देणाऱ्या तिन्ही कॉइल आणि प्लग बदलले होते. पी0299 कडे बघितलंच नाही. कोड वाचला म्हणजे दोष सापडला असं नसतं, पण स्कॅनर स्वस्त झाल्यापासून हेच चाललंय.

बूस्ट कुठे गळतो ते इंजिन चालू ठेवून साबणाचं पाणी मारलं तर दिसत नाही, कारण आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना, त्या पाइपात दाबच नसतो. बाहेरून दाब द्यावा लागतो. फिल्टर काढून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपच्या तोंडावर प्लंबिंगच्या दुकानातली पीव्हीसी कॅप चढवली. तिला भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह आधीच बसवलेला असतो. ब्रीदरची नळी बंद केली, नाहीतर हवा क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, शिरून सील उचकटतात. मग कंप्रेसरने 10 पीएसआय, त्याहून जास्त नाही. इंटरकूलरच्या (दाबलेली हवा गार करणाऱ्या जाळीच्या) बाहेरच्या पाइपवर फेस उसळला. मूळची स्प्रिंगची क्लिप काढून कोणीतरी स्क्रूची क्लिप जीव खाऊन आवळली होती, आणि तिच्या पट्टीने रबर कापलं होतं. रबर तापून फुगतं, गार झालं की आकसतं. स्प्रिंग त्याच्याबरोबर हलते, स्क्रूची पट्टी हलत नाही. नवा पाइप आणि मूळ जातीची क्लिप, एवढ्यात बूस्ट पूर्ण आला.

मिसिंग तरीही राहिलं. प्लग काढले तर ठिणगीची गॅप 1.1 मिलिमीटर. आधीच्या गॅरेजला साध्या इंजिनाची सवय! टर्बोत सिलिंडरमधला दाब जास्त, त्यामुळे तेवढं अंतर ओलांडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. इथे 0.7 ते 0.8 पाहिजे. रिमॅपने दाब आणखी वाढवलेला, म्हणून ठिणगी विझत होती. इरिडियमच्या प्लगची मधली तार केसासारखी नाजूक असते, तिच्यावर गेज रेटलं की ती तुटते, म्हणून ते प्लग परत वाकवत बसलो नाही. नवे तीन, इंजिन गार झाल्यावर, टॉर्क पान्याने.

तिसरा प्लग उन्हात धरला तेव्हा मात्र थांबलो. पांढऱ्या चिनी मातीवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक ठिपके, आणि भिंगाखाली त्यातले दोन-तीन चकाकत होते. चकाकणारा ठिपका म्हणजे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम. इंजिन नॉकिंग करत होतं, म्हणजे आतलं पेट्रोल नीट जळण्याऐवजी आपोआप भडकत होतं.

कारण स्कॅनरच्या लाइव्ह डेटात होतं. बाहेर 42 अंश, आणि उघडा फिल्टर बॉनेटखालची हवा ओढत असल्याने सिग्नलला थांबल्यावर आत जाणारी हवा 71 अंशांवर. रिमॅप लिहिलेला 97 ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी, पोरगा भरत होता साधं. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशनचं (ठिणगीचं) टायमिंग मागे घेत होता, म्हणजे विकत घेतलेली ताकद सोलापूरच्या उन्हात परत जात होती. ज्याने पॅकेज विकलं त्याने गाडी कुठे चालणार आणि पेट्रोल कोणतं भरणार, हे दोन प्रश्न विचारले नाहीत. मला याचा राग आहे. मूळ एअरबॉक्स (फिल्टरचा बंद डबा) सुद्धा त्याने ठेवून घेतला होता. तो पुन्हा विकत घ्यावा लागला. मूळ प्रोग्रॅम टाकून घेतला, आणि पाचव्यात 1500 आरपीएमला पूर्ण दाबायचं नाही हे तीनदा सांगितलं. त्या इंजिनाला तोच भार सगळ्यात वाईट.

कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला सारखं आलं. कॅमेरा घालून पिस्टनचं डोकं बघितलं, कडेला थोडा खरखरीत भाग दिसला. तो आधीपासूनचा की पॅकेज बसवल्यानंतरच्या चार महिन्यांतला, हे कॅमेरा सांगत नाही. मला रात्री तेच आठवत राहतं. "इंजिन खोलू का?" असं पोराने विचारलं, मी नको म्हणालो. 2000 किलोमीटरनंतर प्लग काढून बघायला बोलावलंय. जुना तिसरा प्लग कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, शेजारी धरून बघायला. काल फोन आला, 1400 झालेत.